एक देऊळ जास्तीचे

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर कृष्णाकाठच्या एका गावातील देवस्थानासाठी मी माहितीफलकाचा इंग्रजी मजकूर तयार करून दिला. मूळ मराठी मजकूर अवघा सात ओळींचा होता आणि त्यातील चौथी ओळ अशी होती : ‘हे मंदिर आजवर तीन वेळा बांधण्यात आले.’ मी तिचे इंग्रजी केले, ‘द टेम्पल हॅज बीन रिबिल्ट थ्री टाइम्स.’ व्याकरण चोख होते, शब्द सोपे होते, वाक्य कानालाही बरे वाटत होते. मजकूर काळ्या ग्रॅनाइटवर कोरायचा असल्यामुळे कारागिराच्या हाती देण्याआधी छापील कागद घेऊन मी स्वतः गावात गेले. विश्वस्तांपैकी एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांना सगळा गाव गुरुजी म्हणतो. त्यांनी सभामंडपाच्या पायरीवर बसून चष्मा पुसला, कागद मांडीवर सरळ केला आणि एकेका शब्दाखाली बोट धरून तो वाचायला सुरुवात केली. चौथ्या ओळीवर बोट थांबले.

“ताई, पहिलं देऊळ लाकडी होतं, ते पुरात गेलं. दुसरं माझ्या पणजोबांच्या वेळचं, त्याच्या तुळया वाळवीनं पोखरल्या म्हणून उतरवलं. तिसरं हे. तुमच्या वाक्यात चौथं येतंय. ते कुठलं?”

गुरुजींचे बरोबर होते. ‘बिल्ट’ म्हणजे बांधले आणि ‘रिबिल्ट’ म्हणजे एकदा बांधून झालेले पुन्हा बांधले. त्यामुळे ‘रिबिल्ट थ्री टाइम्स’ म्हटले की पहिली बांधणी त्या तिनांत धरली जात नाही. ती वेगळी राहते आणि एकूण बांधण्या चार होतात. मराठी वाक्यात पहिल्या देवळासकट तीन मोजलेली होती. ‘रि’ हा एवढासा उपसर्ग लावताना मी मोजणी कोठून सुरू होते हेच बदलून टाकले होते आणि गावाच्या इतिहासात नसलेले एक देऊळ उभे केले होते. ते दगडात कोरले गेले असते तर पुढची शंभर वर्षे कोणी ना कोणी ते खरे मानून वाचले असते.

गेली बावीस वर्षे मी भाषांतराचे काम करते आणि त्यातील मोठा भाग देवस्थानांचे फलक, संग्रहालयांच्या पुस्तिका आणि पर्यटकांसाठीच्या माहितीपत्रकांचा आहे. वास्तू पडली, जळली, पाडली गेली आणि पुन्हा उभी राहिली, हे सांगणारे एखादे वाक्य जवळजवळ प्रत्येक मजकुरात असते. असे वाक्य मी शेकडो वेळा लिहिले असेल, पण त्यात किती गोष्टी सांभाळाव्या लागतात याचा नीट विचार मी गुरुजींच्या त्या प्रश्नानंतर केला. तो विचार येथे सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण मराठीतून इंग्रजीत लिहिणाऱ्या अनेकांची गफलत नेमकी याच ठिकाणी होते.

मोजणीचा प्रश्न समजून घेण्यासाठी लंडनच्या ड्रुरी लेन येथील थिएटर रॉयलसारखे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. पहिले नाट्यगृह 1663 साली उघडले आणि 1672 साली आगीत गेले. दुसरे 1674 साली उभे राहिले. ते जुने आणि अपुरे झाले म्हणून 1791 साली पाडण्यात आले. तिसरे, आधीच्यापेक्षा खूपच मोठे, 1794 साली सुरू झाले. आगीचा धसका घेऊन त्यात लोखंडी पडदा आणि छतावर पाण्याच्या टाक्या बसवल्या होत्या, तरीही ते 1809 साली जळाले. चौथे 1812 साली उघडले आणि आज आपण पाहतो ते हेच. आता या इतिहासाचे वर्णन इंग्रजीत करायचे तर ‘बिल्ट फोर टाइम्स’ आणि ‘रिबिल्ट थ्री टाइम्स’ ही दोन्ही वाक्ये खरी आहेत, ‘रिबिल्ट फोर टाइम्स’ हे खोटे आहे, आणि ‘बर्न्ट डाउन अँड रिबिल्ट थ्री टाइम्स’ हेही खोटे आहे, कारण आगी दोनच लागल्या आणि एकदा मालकांनी आपण होऊन इमारत उतरवली. यातल्या पहिल्या वाक्याविषयी एक सांगायला हवे. ‘बिल्ट फोर टाइम्स’ हे तर्काने बरोबर असले तरी इंग्रजी वाचकाला ते थोडे खटकते, कारण त्या भाषेत एक वास्तू एकदाच ‘बिल्ट’ होते आणि त्यानंतरचे सगळे ‘रिबिल्ट’ असते. म्हणून जाणते लेखक क्रियापद मोजत नाहीत, ते इमारती मोजतात : ‘द प्रेझेंट थिएटर इज द फोर्थ ऑन द साइट.’ सध्याचे नाट्यगृह हे या जागेवरचे चौथे. या वाक्यात ‘रि’ नाही, ‘टाइम्स’ नाही, आणि वाचकाला बेरीज-वजाबाकीही करावी लागत नाही.

मराठीत ‘तिसऱ्यांदा बांधले’ हा सहज येणारा शब्दप्रयोग आहे आणि तो इंग्रजीत नेताना दुसरा सापळा लागतो. ‘तिसऱ्यांदा बांधले’ म्हणजे ‘बिल्ट फॉर द थर्ड टाइम’, आणि तेच ‘रि’ लावून म्हणायचे तर ‘रिबिल्ट फॉर द सेकंड टाइम’ असे एक आकडा खाली उतरावे लागते. आपला हात मात्र ‘रिबिल्ट फॉर द थर्ड टाइम’ असेच लिहून जातो, कारण मराठीतला ‘तिसऱ्यांदा’ डोक्यात घट्ट बसलेला असतो. त्यात आपण कधी कधी ‘पुन्हा’ या शब्दासाठी ‘अगेन’ही जोडतो. ‘इट वॉज रिबिल्ट अगेन’ हे वाक्य चुकीचे नाही, पण ते पहिल्या पुनर्बांधणीला लागत नाही. एकदा पडून पुन्हा बांधलेली वास्तू नुसती ‘रिबिल्ट’. ती परत पडून आणखी एकदा बांधली गेली, तेव्हाच ‘रिबिल्ट अगेन’. ड्रुरी लेनचे नाट्यगृह 1674 साली ‘रिबिल्ट’ झाले आणि 1794 साली ‘रिबिल्ट अगेन’ झाले. एकदाच घडलेल्या पुनर्बांधणीला ‘अगेन’ लावले की वाचकाच्या मनात पुन्हा एक जास्तीची इमारत उभी राहते, म्हणजे माझ्या हातून झाली तीच चूक निराळ्या वाटेने होते.

संख्या निश्चित ठाऊक नसते तेव्हा मराठीत आपण ‘पुन्हा पुन्हा’, ‘वारंवार’, ‘अनेकदा’ असे लिहितो. यांतील ‘पुन्हा पुन्हा’ला मराठीत एक चिकाटीचा सूर आहे, नदीने नेले तरी गावाने परत उभे केले, हे त्या द्विरुक्तीतच ऐकू येते. इंग्रजीत त्याच्या जवळ जाणारा प्रयोग ‘टाइम अँड अगेन’ हा आहे. ‘रिपीटेडली’ हा शब्द अर्थाने जुळतो, पण तो मला बहुतेक वेळा तक्रारीच्या किंवा चौकशीच्या मजकुरात भेटतो, म्हणून देवळाच्या फलकावर मी तो शक्यतो टाळते. ‘सेव्हरल टाइम्स’ सौम्य आणि सुरक्षित आहे. दोनाहून अधिक, पण फार नाही, एवढेच ते सांगते. ‘ओव्हर द सेंच्युरीज’ जोडले तर काळाचा पल्ला कळतो. या शब्दांची जागाही पाहावी लागते. ‘इट वॉज डिस्ट्रॉइड बाय फ्लड्स अँड रिबिल्ट सेव्हरल टाइम्स’ असे लिहिले तर ‘सेव्हरल टाइम्स’ हे शेपूट दोन्ही क्रियांना लागते की फक्त दुसरीला, हे वाचकाला ठरवता येत नाही. तेच ‘इट वॉज सेव्हरल टाइम्स डिस्ट्रॉइड बाय फ्लड्स, अँड ईच टाइम इट वॉज रिबिल्ट’ असे मांडले, तर जितके पूर तितक्या बांधण्या, हे शंकेला जागा न ठेवता सांगितले जाते. ‘ईच टाइम’ हे दोन शब्द म्हणजे आपले ‘दर वेळी’, आणि अशा वाक्यात ते फार उपयोगी पडतात.

मोजणीनंतर काळाचा प्रश्न येतो. मराठीत ‘1780 साली बांधले आहे’ आणि ‘1780 साली बांधले’ ही दोन्ही वाक्ये आपल्याला चालतात. पहिल्यातले ‘आहे’ वास्तू अजून समोर उभी असल्याची जाणीव देते, एवढाच फरक. इंग्रजीत मात्र वर्ष सांगितले की ‘हॅज बीन’ चालत नाही. काशी विश्वनाथाचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी 1780 साली पुन्हा बांधवले, त्याचे इंग्रजी ‘वॉज रिबिल्ट इन 1780’ असेच व्हायला हवे. ‘हॅज बीन रिबिल्ट इन 1780’ हे मी अनेक फलकांवर पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी त्यामागचे मराठीतले ‘बांधलेले आहे’ मला स्पष्ट दिसले आहे. ‘हॅज बीन’ची जागा निराळी. वास्तू आजही उभी आहे, वर्ष दिलेले नाही आणि आजपर्यंतचा हिशेब सांगायचा आहे, अशा वेळी ‘हॅज बीन रिबिल्ट सेव्हरल टाइम्स’ हेच योग्य. वास्तू आज उरली नसेल तर तिचा हिशेब बंद झालेला असतो आणि तेथे ‘वॉज’ लागते. शेक्सपिअरची नाटके जेथे होत ते ग्लोब नाट्यगृह 1599 साली बांधले गेले, 1613 साली नाटक चालू असताना उडवलेल्या तोफेच्या ठिणगीने त्याच्या गवती छपराला आग लागून जळाले, 1614 साली पुन्हा उभे राहिले आणि पुढे सतराव्या शतकातच पाडले गेले. त्या नाट्यगृहाविषयी ‘हॅज बीन रिबिल्ट वन्स’ म्हणता येत नाही. ‘वॉज रिबिल्ट वन्स’ म्हणावे लागते. एवढ्या एका शब्दाने ती वास्तू आज आहे की नाही हे इंग्रजी वाचकाला कळते, म्हणून तो शब्द निवडण्याआधी जागेवर काय उभे आहे हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

ठरावीक काळाने होणाऱ्या पुनर्बांधणीचे वाक्य आणखी वेगळे असते. जपानमधील इसे येथील शिंतो देवस्थान दर वीस वर्षांनी नव्याने बांधले जाते. शेजारी शेजारी दोन मोकळ्या जागा राखलेल्या आहेत. एकीवर मंदिर असते तेव्हा दुसरी पांढऱ्या खड्यांनी आच्छादलेली असते, आणि वेळ आली की तिच्यावर हिनोकी जातीच्या लाकडाचे नवे मंदिर उभे करून देवतेला तिथे नेतात. सातव्या शतकाच्या अखेरीस, 690 साली, हा विधी प्रथम झाला आणि 2013 साली तो बासष्टावा होता. याचे इंग्रजी ‘द श्राइन इज रिबिल्ट एव्हरी ट्वेंटी इयर्स’ असे साध्या वर्तमानकाळात करतात, कारण येथे एखादी घटना सांगायची नसून रीत सांगायची आहे. ‘हॅज बीन रिबिल्ट एव्हरी ट्वेंटी इयर्स सिन्स 690’ हे वाक्य ऐकायला भारदस्त वाटते, परंतु ते खरे नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील यादवीच्या काळात शंभराहून अधिक वर्षे हा विधी झालाच नाही, आणि विसाव्या शतकातही 1949 सालचा विधी महायुद्धानंतरच्या परिस्थितीमुळे 1953 पर्यंत पुढे गेला. ‘इज’ लिहिले तर आजची रीत सांगितली जाते आणि मधला खंड त्यात बसतो, ‘हॅज बीन... सिन्स’ लिहिले की तेराशे वर्षांत एकही वीसवे वर्ष चुकले नाही असा दावा होतो. अशा वेळी व्याकरण आणि इतिहास यांची एकमेकांत किती गुंतागुंत असते हे दिसते.

आता ज्या शब्दाने मला सर्वांत जास्त वेळा अडवले त्याकडे येते. तो शब्द ‘जीर्णोद्धार’. जीर्ण झालेल्याचा उद्धार, म्हणजे झिजलेल्याला वर उचलून घेणे, इतका सुंदर आणि इतका व्यापक शब्द इंग्रजीत नाही. पण मराठी लिहिणारा गळके छप्पर बदलले तरी जीर्णोद्धार म्हणतो, शिखराला नवा गिलावा झाला तरी जीर्णोद्धार म्हणतो आणि जुने देऊळ पायासकट काढून नवे बांधले तरी जीर्णोद्धारच म्हणतो. त्यात देवाविषयीची निष्ठा महत्त्वाची असते आणि कामाचे स्वरूप दुय्यम असते. इंग्रजीला मात्र नेमके तेच विचारायचे असते. मोडले तेवढे नीट केले असेल तर ‘रिपेअर’. जुन्याला नवी झळाळी आणून वापरायला सोयीचे केले असेल तर ‘रिनोव्हेट’. काळाच्या ओघात चढलेले थर काढून वास्तू पूर्वीच्या माहीत असलेल्या रूपाला आणली असेल तर ‘रिस्टोअर’. आणि पडल्यावर किंवा पाडल्यावर नव्याने उभी केली असेल तर ‘रिबिल्ड’. म्हणून ‘जीर्णोद्धार 1962’ एवढेच लिहिलेला शिलालेख समोर आला की मी आता आधी विश्वस्तांना दूरध्वनी करते आणि त्या वर्षी भिंती पाडल्या होत्या की नाही हे विचारून घेते. बहुतेक वेळा कोणी तरी वयस्क माणूस निघतो, त्याने लहानपणी तो राडारोडा पाहिलेला असतो, आणि मग योग्य क्रियापद सापडते.

अवघी वास्तू आणि तिचा एक भाग यांतही असाच गोंधळ होतो. इस्तंबूलच्या हागिया सोफियाविषयी ‘अनेकदा बांधलेले’ असे ढोबळपणे लिहिले जाते. खरा क्रम असा आहे की पहिले चर्च 360 साली झाले आणि 404 साली जळाले, दुसरे 415 साली झाले आणि 532 सालच्या नीका बंडात जळाले, आणि सम्राट जस्टिनियनने बांधवलेले तिसरे चर्च 537 साली पुरे झाले. म्हणजे चर्च ‘वॉज रिबिल्ट ट्वाइस’. त्यानंतरची कथा घुमटाची आहे. भूकंपांनी खिळखिळा झालेला घुमट 558 साली कोसळला आणि आधीपेक्षा उंच असा नवा घुमट 562 साली पुरा झाला. 989 सालच्या भूकंपात त्याचा काही भाग पडला आणि आर्मेनियातील स्थपती त्रदात याने तो 994 पर्यंत दुरुस्त केला. 1346 साली पुन्हा एक भाग ढासळला. येथे ‘द डोम वॉज रिबिल्ट’ आणि नंतरच्या दोन वेळांसाठी ‘द डोम वॉज पार्टली रिबिल्ट’ असे लिहायला हवे. ‘द डोम’ हे शब्द वगळले तर जस्टिनियनच्या भिंती, ज्या जवळजवळ पंधराशे वर्षे उभ्या आहेत, त्याही पडल्या असा समज होतो. ड्रुरी लेनच्या बाबतीतही 1922 साली आतील प्रेक्षागृह नव्याने घडवले गेले, पण त्यामुळे ते पाचवे नाट्यगृह होत नाही. त्याला ‘रिमॉडेल्ड’ म्हणतात.

‘रिबिल्ड’ आणि ‘रीकन्स्ट्रक्ट’ यांत फरक काय, असे मला तरुण भाषांतरकार विचारतात, कारण मराठीत दोन्हींना ‘पुनर्बांधणी’ किंवा ‘पुनर्निर्माण’ म्हणता येते. ‘रिबिल्ड’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे आणि नवी वास्तू जुन्यासारखीच दिसली पाहिजे असे त्यात नाही. ड्रुरी लेनची चारही नाट्यगृहे एकमेकांहून निराळी होती, तरी शब्द ‘रिबिल्ट’च. ‘रीकन्स्ट्रक्ट’मध्ये पुराव्यावरून जुने रूप परत उभे करण्याचा भाव असतो. लंडनमध्ये मूळ जागेच्या जवळ 1997 साली सुरू झालेले ग्लोब हे ‘रीकन्स्ट्रक्शन’ आहे, कारण ते जुनी चित्रे, लेख आणि पायाचे अवशेष अभ्यासून बांधले. 1614 सालचे ग्लोब मात्र ‘रिबिल्ट’ होते, कारण ते त्याच नाटकमंडळीने आपल्या जळालेल्या नाट्यगृहाच्या जागी आपल्या गरजेसाठी उभे केले. वारसा जपण्याच्या क्षेत्रात हे शब्द आणखी काटेकोर होतात. ऑस्ट्रेलियात 1979 साली स्वीकारलेल्या बुरा सनदेत, नवे साहित्य न आणता वास्तू पूर्वरूपाला नेणे ते ‘रिस्टोरेशन’ आणि नवे साहित्य आणून नेणे ते ‘रीकन्स्ट्रक्शन’ अशी रेघ ओढलेली आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन शहराचे फ्राउएनकिर्शे हे चर्च 1945 साली बाँबवर्षावानंतर कोसळले, जवळजवळ अर्धशतक त्याचा ढिगारा तसाच ठेवला होता, आणि 2005 साली ते पुन्हा उभे राहिले. त्याच्या फिकट नव्या भिंतींत मधूनच काळेकुट्ट दगड दिसतात. ते ढिगाऱ्यातून निवडून शक्य तेथे आपापल्या जुन्या जागी बसवलेले आहेत. पर्यटकासाठीच्या मजकुरात त्याला ‘रिबिल्ट’ म्हटले तर कोणी हरकत घेणार नाही, पण स्थापत्याच्या अभ्यासकांसाठी लिहिताना ‘रीकन्स्ट्रक्टेड’ लिहावे, कारण त्या काळ्या दगडांची गोष्ट त्या शब्दात येते. व्हेनिसचा सेंट मार्कचा मनोरा 1902 साली कोसळून 1912 साली पुन्हा उभा राहिला तेव्हा ‘जसा होता, जेथे होता’ असे घोषवाक्य नगराने धरले होते. ‘रीकन्स्ट्रक्ट’ या क्रियापदाचा अर्थ याहून थोडक्यात सांगणे अवघड आहे.

‘जेथे होता’ हा भागही सहज सोडून देण्यासारखा नाही. ‘रिबिल्ट’ म्हटले की इंग्रजी वाचक जागा तीच धरतो. सोमनाथला अहिल्याबाईंनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जे मंदिर बांधवले ते भग्न मंदिराच्या जागेवर नसून तेथून जवळच आहे, आणि ज्या मंदिरात 11 मे 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते प्रतिष्ठा झाली ते मात्र मूळ जागेवर उभे आहे. पहिल्याला ‘बिल्ट अ न्यू टेम्पल निअरबाय’ आणि दुसऱ्याला ‘रिबिल्ट ऑन द ओरिजिनल साइट’ असे लिहिले तरच दोन्हींना न्याय मिळतो. गोव्यातील मंगेशीचे उदाहरण त्याहून वेगळे आहे. सोळाव्या शतकात, 1560 साली, देवाला कुठ्ठाळीहून प्रियोळला हलवण्यात आले आणि तेथे पुढे मंदिर उभे राहिले. देव तोच, भक्त तेच, पण जागा आणि वास्तू दोन्ही नव्या. येथे ‘द टेम्पल वॉज रिबिल्ट’ लिहिण्यापेक्षा ‘द डेइटी वॉज मूव्ह्ड’ असे आधी सांगून मग नव्या देवळाविषयी लिहावे, असे माझे ठाम मत आहे, कारण त्या स्थलांतरामागची वेदना ‘रिबिल्ट’ या एका शब्दाखाली झाकली जाते.

कर्त्याविषयीही थोडे लिहिले पाहिजे. वर मी अहिल्याबाईंसाठी सगळीकडे ‘बांधवले’ असे लिहिले आहे. मराठीत ‘बांधले’ आणि ‘बांधवले’ यांत एका अक्षराने गवंडी आणि आश्रयदाता वेगळे होतात. इंग्रजीत त्यासाठी ‘हॅड’ची एक खास रचना आहे : ‘शी हॅड द टेम्पल रिबिल्ट’, म्हणजे तिने मंदिर पुन्हा बांधवून घेतले. शब्दांचा क्रम जरा चुकून ‘शी हॅड रिबिल्ट द टेम्पल’ झाले की अर्थ बदलून ‘तिने मंदिर त्याआधीच पुन्हा बांधले होते’ असा होतो. ही चूक मी सहकाऱ्यांच्या मजकुरात अनेकदा दुरुस्त केली आहे आणि नवशिकी असताना माझ्या हातूनही ती झालेली आहे. काम पुरे होण्याआधी आश्रयदात्याचे निधन झाले असेल तर ही रचनाही अपुरी पडते. त्र्यंबकेश्वरचे आजचे मंदिर बांधण्याचे काम नानासाहेब पेशव्यांनी सुरू करवले, पण ते 1761 साली वारले आणि काम पुढे बरीच वर्षे चालले; तेथे मी ‘ऑर्डर्ड द रिबिल्डिंग ऑफ द टेम्पल’ असे लिहिते, म्हणजे आज्ञा त्यांची आणि पूर्तता नंतरची, हे दोन्ही राहते.

त्या दिवशी सभामंडपाच्या पायरीवर बसूनच गुरुजींबरोबर मी चौथी ओळ पुन्हा लिहिली. तिची आता तीन वाक्ये झाली. ‘द प्रेझेंट टेम्पल इज द थर्ड ऑन धिस साइट. द फर्स्ट, बिल्ट ऑफ वुड, वॉज कॅरीड अवे बाय अ फ्लड ऑफ द कृष्णा. द सेकंड वॉज टेकन डाउन व्हेन इट्स बीम्स हॅड बीन ईटन बाय टर्माइट्स.’ शेवटच्या वाक्यातील ‘हॅड बीन’कडे बोट दाखवून गुरुजींनी ते कशासाठी असे विचारले, आणि वाळवीने तुळया खाल्ल्या हे देऊळ उतरवण्याच्या आधीचे असल्यामुळे तसे लिहावे लागते, असे मी सांगितले. ग्रॅनाइटच्या कारागिराने अक्षरे वाढल्यामुळे दगड चार इंच जास्त रुंद घ्यावा लागेल असे कळवले आणि विश्वस्तांनी त्याला लगेच होकार दिला. फलक आषाढात बसला. मी पाहायला गेले तेव्हा कोरलेल्या अक्षरांत भरलेला सोनेरी रंग अजून ओला होता. गुरुजींनी अक्षरांना स्पर्श न करता बोट दगडासमोरून हळूहळू नेत ‘थर्ड’, ‘फर्स्ट’, ‘सेकंड’ असे मोठ्याने वाचले आणि मग मागे वळून, पहिले देऊळ ज्या नदीने नेले, तिच्या घाटाकडे पाहिले.